फॉर्मची मागची बाजू

नोकरी सोडताना एचआरमधल्या मुलीने माझी फाइल छापून माझ्या हातात दिली. ही गेल्या महिन्यातली गोष्ट. मुलगी लातूरकडची. लग्न होऊन कुवेतला आली आणि माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून काम शिकली. मला काका म्हणते.

"काका, तुमची फाइल म्हणजे निस्तं पुस्तक आहे की हो," ती म्हणाली. "एवढी मोठी तर मालकाची पण नसंल."

ती हसली म्हणून मीही हसलो. पानं चाळली. रुजू झालो तेव्हाचा फॉर्म, पुढची बाजू, मागची बाजू. बी.कॉम.चं प्रमाणपत्र, पुढची बाजू, मागची बाजू. मागची कोरी होती, तरीही. आणि सगळ्यात शेवटी वडिलांच्या नावाचा धरणग्रस्ताचा दाखला, ज्याचा या कंपनीशी काडीचा संबंध नाही. तोही दोन्ही बाजूंनी. हे सगळं मीच स्कॅन केलेलं. एकही पान तिरकं नाही.

मग मी तिला एक जुना नंबर सांगितला. आमच्याकडे प्रत्येक कामगाराला नंबर असतो, आणि हा नंबर मला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्का पाठ आहे.

"याची फाइल उघड बरं."

तिने उघडली. "एकच पान आहे, काका. मागची बाजू कुठंय?"

"नाहीये."

"असं कसं? खाली लिहिलंय की, मागे पाहा म्हणून."

त्या दिवशी मी तिला उत्तर दिलं नाही. ते इथे देतो आहे. यात कुणाचंही नाव लिहीत नाही. त्याचं नाव पुन्हा एकदा त्याला न विचारता कुठे नोंदवण्याचा मला हक्क नाही. माझं नाव जिथे लागत होतं तिथे मी आता दिलं आहे. ते कुठे आणि कसं, हे शेवटी येईल.

आमची कंपनी ठेकेदारीची. तेव्हा ऑफिस राई नावाच्या औद्योगिक भागात होतं, गोदामाच्या वरच्या मजल्यावर. आजूबाजूला गॅरेजं, त्यामुळे दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज. मी कामगारांची कागदपत्रं सांभाळायचो. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्या मुदती, रजा, विमानाची तिकिटं. त्या जुन्या नंबरचा माणूस आधी साइटवर होता. गुडघा दुखावला तेव्हा त्याला ऑफिसात फर्राश म्हणून घेतलं. फर्राशाचं काम चहा करायचं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं, येणाऱ्याला पाणी द्यायचं. चाळिशीचा होता, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. बांगलादेशातला. आपल्या गाववाल्यांना भाई म्हणायचा आणि मला दादा.

पहिल्याच दिवशी चहाचा कप ठेवताना त्याने विचारलं, "दादा, आपका उपजिला कौन सा?"

मला प्रश्नच कळला नाही. इथे लोक देश विचारतात, फार तर राज्य विचारतात. मराठी माणूस भेटला तर पुणे की मुंबई एवढं विचारतो. उपजिल्हा कुणी विचारत नाही. त्याने समजावून सांगितलं. सगळ्यात खाली गाव. मग काही गावांची मिळून युनियन. काही युनियन मिळून उपजिल्हा. त्याच्यावर जिल्हा.

"म्हणजे तालुका," मी म्हणालो.

"तालुका," त्याने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "तुमचा तालुका कोणता?"

मी सांगितला. त्याची हिंदी बंगाली वळणाची आणि माझी घाटावरची, त्यामुळे आमचं बोलणं तिसऱ्याला हसू येईल असंच होतं. पुढचं मी मराठीतच लिहितो.

"तुमच्या तालुक्यात नदी आहे, दादा?"

"आहे की."

"किती रुंद?"

"पावसाळ्यात भरून वाहते. उन्हाळ्यात चालत पलीकडे जाता येतं."

तो इतका हसला की ट्रेमध्ये चहा सांडला. "चालत जाता येतं? आणि तिला नदी म्हणता?"

त्याच्या उपजिल्ह्यातल्या नदीचा दुसरा काठ दिसत नव्हता. त्याने मला ट्रेवर नकाशा मांडून दाखवला. साखरेचा डबा म्हणजे उपजिल्ह्याचं ऑफिस. तिथे मोठा तलाव, त्याला पायऱ्या, कडेने झाडं, झाडांखाली अर्ज लिहून देणारे बसलेले. दुधाचं भांडं म्हणजे आठवड्यातून दोनदा भरणारा हाट. माझा कप म्हणजे त्याचं गाव. आणि कपाच्या शेजारी आडवा ठेवलेला चमचा म्हणजे नदी. "आधी इथे होती," असं म्हणून त्याने चमचा लांब, ट्रेच्या कडेला ठेवला. "माझ्या लहानपणी इथे." चमचा जरा अलीकडे आला. "आता इथे."

त्यानंतर रजेवरून परत आला की तो पहिल्या चहाला चमचा ठेवून दाखवायचा. मी फाइलीतून मान वर करून बघायचो आणि म्हणायचो, "आली का अजून जवळ?" जणू क्रिकेटचा स्कोअर विचारतोय.

त्याला माझाही तालुका पाठ झाला होता. मी त्याला सांगितलं होतं की आमच्याकडे पत्रावर मु. पो. ता. जि. लिहितात. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यातला तालुका राहिला तर पत्र भटकत राहतं, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्यात चार-चार असतात. "आमच्याकडे पण," तो म्हणाला. "माझ्या गावाच्या नावाची गावं जिल्ह्यात पाच आहेत. उपजिला सांगितला नाही तर मी पाच ठिकाणचा होतो, दादा."

हे त्याने मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

काही वर्षांनी कंपनीने ऑफिस अहमदीला हलवायचं ठरवलं. त्याच सुमाराला नवीन सॉफ्टवेअर आलं. सगळ्या जुन्या फायली त्यात चढवायच्या आणि कागद कमी करायचे. सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याला रकाने तीन होते: देश, राज्य, शहर. मी जिल्हा राज्यात घातला आणि गाव शहरात. उपजिल्ह्याला जागा नव्हती. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला असता तर त्याने चौथा रकाना करून दिला असता. मी केला नाही. तीन रकाने भरले की हिरवी खूण यायची. तेवढी हिरवी खूण मला पुरली.

जुना फॉर्म मात्र चांगला होता, दोन बाजूंचा. पुढच्या बाजूला फोटो, नाव, पासपोर्ट, इंग्रजीत. मागच्या बाजूला कायमचा पत्ता, माणसाने स्वतःच्या लिपीत लिहिलेला, आणि त्याला टाचलेले गावाकडचे कागद. त्याच्या फॉर्मला त्यांच्या युनियनच्या चेअरमनचा दाखला टाचलेला होता. जांभळा गोल शिक्का. अमुक इसम या वॉर्डाचा कायमचा रहिवासी आहे, अमुक नंबरच्या जागेवर याचं घर आहे, मी याला ओळखतो. हे त्यानेच मला एकदा वाचून दाखवलं होतं.

मॅनेजरचा हुकूम स्पष्ट होता. दोन्ही बाजू स्कॅन करा, मूळ कागद ज्याचे त्याला परत द्या, यादीवर सही घ्या, मग बाकीचं टाका. दोन आठवडे दिले होते. माणसं चार कॅम्पांत विखुरलेली. मशीनवर दोन्ही बाजू घ्यायच्या तर दुप्पट वेळ. मागच्या बाजू बंगालीत, तेलुगूत, नेपाळीत. मी मनाशी म्हटलं, कोण वाचणार आहे? आणि पुढच्या बाजू तेवढ्या घेतल्या. यादीत 'मूळ कागद परत केले' असा रकाना होता. त्यात वरपासून खालपर्यंत खुणा केल्या आणि तळाला माझी सही ठोकली. एकाही माणसाला एकही कागद परत केला नाही. माझ्या स्वतःच्या फाइलला मात्र एक अख्खी दुपार दिली.

कागद काळ्या पिशव्यांत भरले. पिशव्या खाली न्यायला त्यालाच बोलावलं.

"जड आहेत, दादा. काय आहे?"

"जुने कागद."

"लागणार नाहीत ना?"

"नाही लागणार," मी म्हणालो. "ने."

दुखऱ्या गुडघ्याने तो जिन्यावरून पाच-सहा वेळा खाली-वर झाला. त्या फेऱ्या मी तेव्हा मोजल्या नव्हत्या. आता मोजायला बसलो की कधी पाच होतात, कधी सहा.

अहमदीचं ऑफिस त्याला आवडलं. जुनी तेल कंपनीची वसाहत, बैठी घरं, रस्त्याला सावली. "इथे झाडं आहेत," तो म्हणाला, "आमच्या उपजिला ऑफिससारखी." रजा टाकून आला की अजूनही चमचा मांडायचा. आणि एके वर्षी रजेवरून आल्यावर त्याने चमचा मांडला नाही. कप ठेवला आणि उभा राहिला.

"गेलं," तो म्हणाला.

"काय?"

"गाव. पावसाळ्यात आठवड्याभरात गेलं. आमचं घर, मशीद, शाळा, युनियनचं ऑफिस, त्यातली दप्तरं. सगळं."

बायको आणि दोन मुली तिच्या माहेरी गेल्या होत्या, शेजारच्या उपजिल्ह्यात. भाऊबंद ढाक्याला, चितगावला पांगले. मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पुढे काय, विचारलं. तो म्हणाला, उपजिल्ह्याकडून घरं गेलेल्यांना सरकारी जमिनीतून घरापुरती जागा मिळणार आहे. पूर अडवणाऱ्या बांधाच्या कडेला, उंचावर. पण आपण याच उपजिल्ह्यातले आणि आपलं घर नदीने नेलं, हे दाखवावं लागतं. तो वीस वर्षं कुवेतला. मतदारयाद्या झाल्या तेव्हा इथे, घरोघर मोजणी झाली तेव्हा इथे. युनियनची दप्तरं नदीत. बायको दुसऱ्या उपजिल्ह्यात राहते म्हणून हे म्हणतात तिकडे अर्ज कर, आणि ते म्हणतात तू आमचा नव्हेस.

"पण माझा दाखला तुमच्याकडे आहे, दादा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव होता. "चेअरमनचा. फॉर्मच्या मागे. जागेच्या नंबरासकट."

मी म्हणालो, "बघतो."

बघायचं काय होतं? तरी मी फाइल उघडली. एक पान. खाली बारीक अक्षरात, मागे पाहा.

तो रोज विचारायचा नाही. चहा ठेवायचा, जरा थांबायचा, जायचा. चौथ्या का पाचव्या दिवशी म्हणाला, "नसला सापडत तर तसं लिहून द्या. कंपनीकडून गहाळ झाला असं. तिथला बाबू म्हणाला, कंपनीचं तेवढं पत्र असलं तरी कमिटी चौकशी करेल. गावातली म्हातारी माणसं साक्ष देतील."

एवढंच हवं होतं. दोन ओळी. आणि त्या मला लिहिता आल्या नाहीत. कारण गहाळ झाला म्हटलं तर यादी निघणार, यादीवर माझी सही, आणि मला त्या वर्षी साठीनंतरची मुदतवाढ हवी होती. मॅनेजरच्या टेबलावर माझा अर्ज पडलेला होता. मुलाचं बँकेतलं काम नुकतंच सुरू झालेलं, नातीचा जन्म झालेला. कारणं चिकार होती. आज ती लिहिताना त्यातलं एकही त्या दोन ओळींपेक्षा मोठं वाटत नाही.

मी त्याला पत्र दिलं. कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्का मारून, इंग्रजीत. त्याचा मराठी अर्थ असा: कंपनीच्या दप्तरानुसार, कार्यालय हलवताना सर्व मूळ कागदपत्रे कर्मचाऱ्यास परत करण्यात आली आहेत.

त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. शिक्का बघितला. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"वाचून दाखवा ना, दादा."

"तुझ्या पत्त्याचं आणि कागदांचं लिहिलंय," मी म्हणालो. "पाठव."

संध्याकाळी खैतानला घरी आलो तर बायकोने विचारलं, "त्याच्या जागेचं झालं का काही?" तिला तो माहीत होता. ती त्याच्यासाठी मिरचीचं लोणचं द्यायची, तो तिच्यासाठी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, त्यांच्याकडचा सुवासिक तांदूळ आणायचा.

"पत्र दिलंय," मी म्हणालो. "होईल."

तीन-चार महिन्यांनी त्याने सांगितलं. कप ठेवता ठेवता, कपाकडे बघत. "ते म्हणतात, कंपनीने कागद तुला परत दिला आहे. मग आण. आणत नाहीस म्हणजे खोटं बोलतोस. अर्जावर तसं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"मिथ्या." हा शब्द त्याने बंगालीतच सांगितला. तो मला समजावून सांगावा लागला नाही.

मी काय म्हणालो ते लिहायलाच हवं, कारण त्या एका वाक्यासाठीच हे सगळं लिहितो आहे. मी म्हणालो, "सरकारी लोक सगळीकडे सारखेच."

आता माझ्या वडिलांबद्दल. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. बदली जमीन दुसऱ्या तालुक्यात मिळणार होती. जुना तालुका म्हणायचा, तुमचे कागद तिकडे पाठवले. नवा तालुका म्हणायचा, आले नाहीत. वडील कित्येक वर्षं दोन कचेऱ्यांमध्ये एसटीने ये-जा करत होते. डब्यात भाकरी, पिशवीत अर्जांच्या नकला. शेवटी जुन्या तालुक्यातल्या एका कारकुनाने शिडी लावली, माळ्यावरची बासनं काढली, आणि तीन दिवस धूळ खाऊन आमच्या गावाचं पान शोधून काढलं. वडिलांनी त्याच्यासाठी नवीन धोतरजोडी नेली. त्याने घेतली नाही. म्हणाला, "अहो, पान होतं म्हणून सापडलं. मी काय केलं?" वडील मरेपर्यंत ही गोष्ट सांगत. त्या दाखल्यावर जमीन मिळाली, माझी कॉलेजची फी माफ झाली. कुवेतला येईपर्यंत मी जो कोण झालो तो त्या माणसाच्या शिडीमुळे झालो. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवली आहे. त्यालाही. तेव्हा तो म्हणाला होता, "चांगला माणूस होता." आणि माझ्याकडे असं बघितलं होतं की जणू तो कारकून मीच.

'मिथ्या'नंतर तो आणखी तीन वर्षं ऑफिसात होता. रोज दोनदा चहा. साखर बरोबर, रंग बरोबर. दाखल्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मला वाटलं, विसरला असेल. मग गुडघा अगदीच गेला आणि त्याने नोकरी सोडली. त्याचे शेवटचे कागद मीच केले. पत्ता भरताना पुन्हा तेच तीन रकाने. मी म्हणालो, "गावाचं नाव तेच घालू ना?" तो म्हणाला, "घाला, दादा. कुठे तरी असू दे."

तर, गेल्या महिन्यात त्या मुलीने मागच्या बाजूबद्दल विचारलं, आणि मी माझं पुस्तकाएवढं बाड काखेत मारून घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत निवडत राहिली. मग म्हणाली, "आणि मामंजींच्या दाखल्याला तुम्ही प्लॅस्टिकचं कव्हर घातलंत."

मी बाड कपाटात ठेवायला उठलो.

"त्याला फोन करा."

"काय सांगू?"

"मला सांगितलंत ते. लोणचं मी द्यायचे, म्हणून मला सांगून भागणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. त्याचा नंबर तोच होता. आधी सगळ्यांची चौकशी झाली. मुलींची लग्नं झाली. तो आणि बायको मेहुण्याच्या जागेत पत्र्याची खोली बांधून राहतात, त्या दुसऱ्या उपजिल्ह्यातच. माझी नात शेजारी बसली होती, त्याने तिच्याशी बोलायचा हट्ट धरला. तो हिंदीत विचारत होता आणि ती इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि दोघंही खूश. मग मी तिला आत पाठवलं.

"मी तुला जे पत्र दिलं होतं," मी म्हणालो, "ते खोटं होतं. दाखला मी परत दिला नव्हता. मीच टाकला."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "माहीत आहे, दादा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"एक पिशवी जिन्यात फाटली होती. वर माझाच फोटो होता. मला वाटलं, तुम्ही दुसरी कॉपी ठेवली असेल. दादा म्हणाले लागणार नाही, म्हणजे नाही लागणार. म्हणून परत पिशवीत घातला."

हे मला माहीत नव्हतं. त्याने तो हातात घेतला होता. माझ्या शब्दावर परत टाकला.

"आणि नंतर? पत्र दिलं तेव्हा? मिथ्या लिहिलं तेव्हा? तू बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर रोज चहा कसा द्यायचा, दादा? तुम्हाला पण प्यायला जड गेलं असतं."

मी फोन बायकोकडे दिला. दोन मिनिटांनी परत घेतला. जागेचं विचारलं. त्याने सरळ सांगितलं, जागा वाटून झाल्या, दोन वर्षं झाली. यादी बंद. बांधाच्या कडेला आता घरं आहेत, त्याच्या गावची माणसं राहतात, तो ईदला जाऊन येतो. मी म्हटलं, आता मी खरं लिहून दिलं तर काही होईल?

"जागा नाही मिळणार," तो म्हणाला. "पण माझा अर्ज अजून तिथे आहे. त्याच्यावर लिहिलंय मी खोटं बोललो. माझा जावई त्याच ऑफिसच्या बाहेर फोटोकॉपीचं दुकान चालवतो, दादा. आत-बाहेर सगळ्यांना माहीत आहे. तेवढं पुसता आलं तर बघा."

एवढंच राहिलं होतं. इतक्या वर्षांनी मी देऊ शकत होतो असं तेवढंच होतं.

मी पुन्हा अहमदीला गेलो. त्या मुलीला सांगितलं, मागची बाजू मी टाकली, आणि मला कंपनीच्या लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र हवं आहे. ती गंभीर झाली.

"काका, लेटरहेड नाही देता येणार. तुम्ही आता कंपनीत नाही. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर ते वकिलाला विचारणार, आन् मग काहीच मिळायचं नाही."

तिने खण उघडला आणि माझा नोकरी सोडतानाचा फॉर्म काढला. अजून तिच्याकडेच होता, शेवटचा शिक्का राहिला होता म्हणून. उलटा करून माझ्यापुढे ठेवला. मागच्या बाजूला एकच रकाना होता: कर्मचाऱ्यास आणखी काही सांगायचे असल्यास.

"इथं लिहा. शिक्का या फॉर्मवर बसणारच आहे."

मी लिहिलं. इंग्रजीत, सोप्या वाक्यांत. अमुक नंबरच्या कर्मचाऱ्याने रुजू होताना युनियन चेअरमनचा मूळ दाखला कंपनीकडे दिला होता. तो मी पाहिला होता. त्यावर त्याच्या गावाचं, युनियनचं, उपजिल्ह्याचं आणि जिल्ह्याचं नाव होतं. चारही नावं लिहिली. ती मला पाठ होती. जागेचा नंबर आठवेना, तसंही लिहिलं. कार्यालय हलवताना तो दाखला मी परत न देता टाकून दिला आणि परत केल्याची खोटी नोंद केली. त्यानंतर मी दिलेलं पत्र असत्य आहे. तो कर्मचारी खरं बोलत होता. खाली माझं पूर्ण नाव, सही, पासपोर्ट नंबर, आणि माझा पत्ता: मु., पो., ता., जि.

मुलीने वाचलं. डोळे वर केले नाहीत. शिक्का मारला आणि मशीनकडे वळली.

"दोन्ही बाजू घे," मी म्हणालो.

"घेते की, काका."

घरी येऊन त्याला फोटो पाठवला आणि फोन केला. तो म्हणाला, "वाचून दाखवा ना, दादा." या वेळी मी एक-एक वाक्य हिंदीत करून वाचलं. उपजिल्ह्याच्या नावाशी त्याने मला थांबवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

मागच्या गुरुवारी त्याच्याकडून एक फोटो आला. माझ्या कागदाची छापील प्रत, तिच्यावर आवक झाल्याचा गोल जांभळा शिक्का, शाईने घातलेला नंबर. जावयाने छापली आणि दोघं मिळून आत देऊन आले. तिथल्या नव्या बाबूने ती जुन्या अर्जाला लावली. 'मिथ्या' खोडलं नाही. आमच्याकडे लिहिलेलं खोडत नाहीत, असं म्हणाला. त्याच्या शेजारी बाण काढून लिहिलं, सोबतचा कागद पाहा.

जागा मिळाली नाही. तो मेहुण्याच्याच जागेत राहतो. पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे गावी जातो आहोत, वडिलांना मिळालेल्या जमिनीवर बांधलेल्या घरात. सामानात ते बाड न्यायचं की नाही यावर घरात चर्चा चालू आहे. बायको म्हणते, ओझं कशाला.

फोटो मोठा करून मी शिक्का बघत असतो. त्यात त्याच्या उपजिल्ह्याचं नाव असणार, बंगालीत. इतकी वर्षं ते माझ्या कानावर रोज पडलं, आणि मला ते वाचता येत नाही.